कूलरच्या ताटीतले पाणी

कूलर हवा गार करतो तो पाणी उडवून. बाजूंना लावलेल्या गवताच्या ओल्या ताटीतून तापलेली कोरडी हवा ओढली गेली की पाण्याची वाफ होते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्या हवेतूनच घेतली जाते. एक लिटर पाणी उडाले की सुमारे २४०० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून कमी होते. एसी आणि फ्रीज आतली उष्णता पंपाने उपसून बाहेर टाकतात; कूलर ती पाण्याच्या हवाली करतो. दीड टनाच्या एसीला दीड हजार वॉटच्या आसपास वीज लागते, घरगुती कूलरचे साधारण दोनशे वॉटमध्ये भागते. उरलेले काम पाणी करते.

हे काम वऱ्हाडात चांगले होते, कारण इथला उन्हाळा कोरडा आहे. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर नीट भिजलेल्या ताटीतून आलेली हवा २७ अंशांच्या आसपास उतरते. जुलैत हवा दमट झाली की तोच कूलर दोन-तीन अंशांपलीकडे जात नाही.

वऱ्हाडातल्याच, शहानूर नदीकाठच्या अंजनगाव सुर्जीत पाण्याने गारवा आणण्याची ही समज कूलरच्या आधीची आहे. गावाची ओळख विड्याच्या पानांची आणि पानपिंपरीची. भर उन्हात पानमळ्यात पाऊल टाकले की अंगावरचा ताप उतरतो, कारण आत सावली, ओली जमीन आणि पानांतून सतत उडणारे पाणी असते. जुन्या घरांत हीच युक्ती दारापर्यंत आली. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधायच्या आणि दुपारभर त्यांवर पाणी शिंपडायचे. अशा घरातल्या पोराचे उन्हाळ्यातले पहिले काम तांब्याने ताटी भिजवणे हेच असे. ताटी वाळली की झळ आत येते, हा धडा ते शाळेच्या आधी शिके.

पुढे ताटीवर पाणी टाकणारा हात जाऊन पंप आला आणि वाऱ्याची वाट पाहण्याऐवजी पंखा आला. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या, खाली पाण्याची टाकी: कूलरची घडण एवढीच. ज्याने लहानपणी ताटी भिजवली, त्याने कमावता झाल्यावर घरात कूलर आणला. त्याच्या मुलांनी परीक्षेचा अभ्यास त्याच वाऱ्यात केला. यंत्र बदलले तरी घरातल्या कोणीतरी रोज पाण्याकडे पाहायचे हा नेम बदलला नाही.

होळी झाली की कूलर बाहेर निघतो. गेल्या वर्षीची ताटी जाळीतून सोडवली की पापडासारखी मोडते आणि हातावर पांढरी भुकटी उरते. हे पाण्यातले क्षार. पाणी उडते, क्षार मागे राहतात. अंजनगाव तालुक्याचा काही भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो, त्यामुळे इथे हा हिशेब मोठा होतो. लिटरमागे एक ग्रॅम क्षार असलेले पन्नास लिटर पाणी रोज उडाले, तर साठ दिवसांत तीन किलो क्षार कूलरमध्ये साचतात. ताटीच्या काड्यांवर थर चढला की पाणी एका बाजूने ओघळते, कोरड्या पट्ट्यांतून गरम हवा थेट आत येते आणि खोली गार होईनाशी होते. म्हणून टाकीत नुसती भर न घालता आठवड्यातून एकदा सगळे पाणी सोडून द्यावे लागते. शक्य असेल तिथे बोअरचे पाणी टाळून नळाचे वापरावे. ताटीवर पाणी सोडणाऱ्या वरच्या नळीची बुजलेली भोके तारेने मोकळी करावीत, पंपाची जाळी लिंबूसत्त्वाच्या पाण्याने धुवावी. गवती ताटी एका हंगामाची सोबतीण. पोळ्यासारख्या घरांची हनीकोंब ताटी निगा राखली तर काही हंगाम पुरते.

चालवण्याचा नियम एकच, पण तो सर्वांत जास्त मोडला जातो. कूलर खिडकीत असावा, त्याला बाहेरची कोरडी हवा मिळावी आणि समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी असावी. बंद खोलीत तीच ओली हवा फिरत राहते, तासाभरात अंग चिकट होते आणि गारवा संपतो. आधी पंप सुरू करून ताटी भिजू द्यावी, मग पंखा लावावा.

पत्रा, पाणी आणि वीज एकत्र असल्याने जिवाची काळजी इथे सर्वांत आधी येते. विदर्भात कूलरचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, त्यांत लहान मुलेही असतात. अर्थिंग असलेले तीन पिनांचे सॉकेट, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, शाबूत वायर आणि पाणी भरण्यापूर्वी प्लग काढण्याची सवय, यांतले काहीही सोडून चालत नाही. ओल्या पायांनी, ओल्या हातांनी चालू कूलरला कोणी शिवू नये.

दुसरा धोका डासांचा. टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून कोरडी केली तर ही साखळी तुटते. क्षारांसाठी सांगितलेला दिवस इथेही कामी येतो.

नवतपा सरून मृगाचे ढग जमले की कूलरचे काम संपते. पाणी काढावे, ताट्या उन्हात वाळवाव्यात, पंप पुसून वेगळा ठेवावा, पत्र्यावर गंज दिसला तर घासून रंग द्यावा आणि पेटी झाकून ठेवावी. लहानपणी तांब्याने ताटी भिजवणारा माणूस म्हातारपणी बादली उचलू शकत नाही. तेव्हा हे काम नातवंडांकडे जाते, आणि कोणत्या दिवशी टाकी धुवायची हे त्यांना तोच सांगतो.