निवळलेले पाणी

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून रात्री दूरवर एक दीप लुकलुकताना दिसतो. तो ‘वेंगुर्ला रॉक्स’ या खडकाळ बेटसमूहावरचा. ऐंशी वर्षांच्या माझ्या आईला ते बेट एकदा जवळून पाहायचे आहे.

गर्दीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, ऑक्टोबरातच जावे, असा बेत मी आखला. मासेमारीबंदी उठली होती, नारळी पौर्णिमाही उलटली होती. मग अडचण कसली? होडीवाला मात्र म्हणाला, “पाणी अजून निवळूक नाय.” गढूळ पाणी, आभाळ आणि मन ही तिन्ही मराठीत निवळतात, आणि त्यांना तारीख देता येत नाही.

थांबावे तरी किती? बेटावरच्या गुहेत पाकोळ्या स्वतःच्या लाळेने घरटी बांधतात. या घरट्यांची तस्करी २००१मध्ये उघडकीस आली. फेब्रुवारीपासून त्यांच्या विणीचा काळ. तेव्हा तिकडे फिरकूच नये. म्हणजे हाती उरतात मधले मोजके आठवडे, आणि आईचे थकलेले गुडघे.

सारे ऐकून आई एवढेच म्हणाली, “उतरूक नको. लांबसूनच बगूया.”

मी वहीत ‘डिसेंबर’ लिहिले आणि पुढे कंसात जोडले : पाण्याला विचारून.