वाकू नकोस!

आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत डबे उघडले की दोन विषय हमखास निघतात, वेतन आयोग आणि मणके. कुणाच्या मानेत गॅप, कुणाच्या कंबरेत गॅप, कुणाची नस दबलेली, कुणाची चकती सरकलेली. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे या चर्चेत मी बरीच वर्षं परीक्षकाच्या थाटात बसत असे. मग एकदा दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गठ्ठे कपाटाच्या खालच्या खणातून काढताना कंबरेत अशी चमक भरली, की कपाट धरून तशीच उभी राहिले. त्या मंडळात माझीही नोंद झाली.

चमक भरणं आमच्या घराण्याला नवं नव्हतं. आईला दर पावसाळ्यात भरायची. चार दिवस शेक घ्यायची, कुरकुरायची आणि पुन्हा रानात जायची. माझीही तशीच उतरली असती. पण मध्ये एमआरआय आला.

रिपोर्टात डिजनरेशन (झीज) होतं, डेसिकेशन (चकती सुकणं) होतं, दोन ठिकाणी डिस्क बल्ज (चकती फुगणं) होता. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "मणके झिजलेत मॅडम. आता जपायचं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, खाली बसायचं नाही." कंबरेचा पट्टा लिहून दिला. बाहेर ही गर्दी होती, त्यामुळे एवढ्यावर आटोपलं. पण चमकेने जे केलं नव्हतं ते या दोन-तीन वाक्यांनी केलं. डोळे मिटले की मला माझे मणके दिसायला लागले, कडा खाल्लेले, एकमेकांवर घासणारे.

घरच्यांनी तर मला काचेच्या कपाटातच ठेवलं. सासूबाई देवघरातून ओरडायच्या, "अगं, वाकू नकोस!" मुलीने झाडू हातातून काढून घेतला. आमचे हे एरवी पाण्याचा ग्लाससुद्धा जागेवर मागणारे. ते पिठाचा डबा खाली उतरवून द्यायला लागले. मला बरं वाटायचं, नाही म्हणत नाही. पण दिवसभरात 'जप', 'हळू', 'राहू दे' हे इतक्या वेळा कानावर पडायचं, की त्या प्रत्येक वेळी कंबर आपोआप आवळली जायची. शिंक येणार असं वाटलं तरी मी आधी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरायची, पोट घट्ट करायची, श्वास कोंडायची आणि मग शिंकायची. हा विधी पाहून नववीतली मुलं हसायची. त्यांचं काय चुकलं?

हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली. गौरीजेवणाच्या पंगतीत मी एकटी खुर्चीवर. हळदीकुंकवाला जाणं बंद, कारण तिथे सतरंजीवर बसावं लागतं. रविवारी पहाटे मैत्रिणींबरोबर अजिंक्यतारा गडावर जायचे, तेही थांबलं. गंमत अशी, की इतकं जपूनही दुखणं कमी होईना. उलट ते पसरलं. आधी एका बाजूला होतं, मग पाठभर झालं, मग रात्री कूस बदलतानाही जाग यायला लागली. मला वाटायचं, झीज वाढतेय.

मुलीने हट्टाने एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी. माझी फाइल तिने बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आधी उभ्याने पुढे वाकून दाखवा." मी श्वास रोखला, दात आवळले आणि जेमतेम गुडघ्यांपर्यंत हात नेले. कळ आली. तिने काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "मघाशी दारात चपलांचे बंद सोडलेत, तेव्हा दुखलं?"

माझ्या चपलांना मागून बंद आहे आणि त्याचं बक्कल बारीक. दवाखान्यात चपला बाहेर काढायच्या अशी पाटी होती. मी पर्स खांद्याला लावून, मुलीशी बोलत बोलत, एक पाय पायरीवर ठेवून पार खाली वाकले होते आणि दोन्ही बक्कलं काढली होती. दुखलं होतं का? आठवेना. म्हणजे दुखलं नव्हतं.

"पाठ तीच आहे मॅडम," ती म्हणाली. "दारात तुम्ही चप्पल काढत होतात. इथे तुम्ही झिजलेला मणका वाकवत होतात."

हे ऐकून मला थोडा रागच आला. म्हणजे दुखणं मनाचं आहे, मी ढोंग करते, असंच सुचवतेय की काय ही? तिने बहुधा हा राग रोज पाहिलेला असावा. दुखणं शंभर टक्के खरं आहे, असं ती ताबडतोब म्हणाली. फक्त ते किती मोडलंय हे मोजणारं यंत्र नाही. मेंदूला किती धोका वाटतोय, त्याची ती खूण आहे.

त्या रात्री मी वाचायला बसले. विज्ञानाच्या शिक्षकाला पुरावा दाखवल्याशिवाय झोप लागत नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९९५ साली आलेली एक हकिकत मी आता दरवर्षी नववीला सांगते. बांधकामावरच्या एका २९ वर्षांच्या कामगाराने उडी मारली ती थेट १५ सेंटीमीटरच्या खिळ्यावर. खिळा बूट फोडून वर आला. खिळा जरा हलला तरी तो कळवळत होता, म्हणून त्याला गुंगीची आणि तीव्र वेदनाशामक औषधं दिली. मग बूट काढला, तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला आणि पायावर ओरखडासुद्धा नाही. त्याचं कळवळणं खोटं नव्हतं. डोळ्यांनी जे पाहिलं, त्याप्रमाणे मेंदूने वेदना तयार केली होती.

उलट बाजूही आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत काम केलेले अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९४६ साली नोंदवलं, की गंभीर जखमी सैनिकांपैकी बहुतेकांना विचारलं तरी वेदनाशामक नको होतं. जखम म्हणजे त्या सैनिकांसाठी आघाडीवरून जिवंत सुटका होती, असं बीचर यांना वाटलं. १९७८ साली कॅलिफोर्नियात लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. काहींची वेदना नुसत्या खोट्या औषधाने उतरली होती. त्यांना अफूवर्गीय औषधांचा परिणाम थोपवणारं नॅलोक्सोन दिल्यावर वेदना पुन्हा वाढली. याचा अर्थ त्यांनी काढला तो असा, की 'आता बरं वाटेल' या अपेक्षेने शरीर स्वतःचीच वेदनाशामकं पाझरवतं. विचाराचा शरीरावर परिणाम होतो म्हणताना आपण हवेत हात फिरवतो. इथे तो रसायनाच्या रूपात हाती लागत होता.

पण मला खरा दिलासा मिळाला तो एका रुक्ष तक्त्यातून. ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून, पाठदुखीची काहीही तक्रार नसलेल्या ३,११० माणसांच्या मणक्यांचे स्कॅन तपासले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे विशीतल्या धडधाकट माणसांपैकी ३७ टक्क्यांत चकत्यांची झीज दिसते, पन्नाशीत ८० टक्क्यांत, ऐंशीत ९६ टक्क्यांत. डिस्क बल्जचं प्रमाण पन्नाशीत ६० टक्के. माझी पन्नाशी उलटलेली. म्हणजे माझ्या रिपोर्टातले ते भयंकर शब्द माझ्या वयाच्या, मजेत गड चढणाऱ्या बायकांच्या रिपोर्टातही निघाले असते. केस पांढरे झाले म्हणून कुणी डोकं दुखतंय म्हणत नाही.

मग दुखत का होतं? योहान व्लायन आणि स्टीव्हन लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली या चक्रावर सविस्तर लिहिलं आहे. दुखण्याचा भयंकर अर्थ लावला की भीती बसते, भीतीने माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने स्नायू दुबळे होतात आणि मन आणखी खचतं, आणि मग थोडंसं दुखणंही मोठं वाटतं. माझ्या बाबतीत यात आणखी दोन गोष्टींची भर होती. दिवसभर आवळून धरलेले स्नायू संध्याकाळपर्यंत थकून दुखणारच. आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी वेदना सोसण्याची ताकद कमी होतेच.

आता सकारात्मक विचाराबद्दल. तो मला सक्काळी सक्काळी फोनवर मिळतच होता, सूर्योदयाच्या चित्रासकट. एका सहकारी बाईंच्या सल्ल्याने मी आरशासमोर 'माझी पाठ ठणठणीत आहे' असंही म्हणून पाहिलं. पाठीने ऐकून घेतलं आणि बादली उचलताना तिला जे करायचं ते केलं. ज्यावर आपलाच विश्वास नाही ते वाक्य शरीराला सांगून काय उपयोग? त्या फिजिओने मला असं एकही वाक्य दिलं नाही. तिने रिकामी बादली दिली.

रिकामी बादली उचलायची, श्वास सोडत. गुडघे आणि कंबर दोन्ही वापरून, घाईत उचलतो तशी, कवायत केल्यासारखी नाही. मग तळाशी पाणी, मग पाव बादली. दुखलं तर थांबायचं नाही, थोडं कमी करायचं. दुसऱ्या दिवशी पाहायचं, काय मोडलं? काहीच मोडलेलं नसायचं. मुद्दाम गप्पा मारत वाकायचं, गाणं गुणगुणत वाकायचं. पट्टा तिने पहिल्याच आठवड्यात काढायला लावला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या डिसेंबरमधल्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी पट्टे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं म्हटलंय आणि माहिती, व्यायाम, मानसोपचार यांना स्थान दिलंय. आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्यापर्यंत ते अजून पोचलेलं नाही. पट्टे दर्शनी काचेतच टांगलेले आहेत.

असं करता करता पाण्याने भरलेली कळशी ओट्यावर चढली. त्या दिवशी 'माझी पाठ ठणठणीत आहे' असं मी म्हटलं नाही, पण 'माझी पाठ कळशी उचलते' हे मला माहीत झालं होतं. मी सकारात्मक विचार म्हणते तो हाच.

अर्थात ही रेघ सरळ वर गेली नाही. दिवाळीच्या साफसफाईत माळा आवरला आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरली, चांगलीच. सासूबाईंचं "मी सांगत होते" सुरू झालं. पूर्वी मी आठवडाभर झोपून काढला असता. या वेळी शेक घेतला, घरातच फेऱ्या मारल्या, कंदिलाची माळ तेवढी मुलीला लावायला सांगितली. भाऊबीजेपर्यंत पाठ सुटली. अजूनही कधीतरी दुखते. दुखली तर दुखली.

एका गोष्टीची मात्र मला चीड येते. विचारांनी सगळं बरं होतं असं सांगणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही, आणि ही मंडळी कॅन्सरच्या रुग्णालाही 'तू पॉझिटिव्ह राहा, बघ कसा पळतो तो' असं सांगतात. जेम्स कॉयन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाची मनःस्थिती चांगली की वाईट, यावरून तो किती जगेल याचा अंदाज येत नव्हता. आनंदी राहावं, जरूर राहावं, दिवस बरे जातात. पण गाठ वाढली तर ती रुग्णाच्या विचारांमुळे वाढली, हा आरोप त्याच्या उशाशी ठेवणं क्रूरपणा आहे. विचारांनी माझी भीती गेली, स्नायू सैल झाले, झोप लागली, पाय चालू झाले. चकत्या होत्या तशाच आहेत.

आणि प्रत्येक कंबरदुखी माझ्यासारखी नसते. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणं, पावलातली ताकद कमी होणं, सोबत ताप किंवा विनाकारण वजन घटणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, आधी कधी कॅन्सर होऊन गेलेला असणं, यांतलं काही असेल तर विचार वगैरे बाजूला ठेवून तडक डॉक्टरकडे जायचं.

यांतलं काही नाही आणि डॉक्टरांनी तपासून झालंय, अशा वेळी माझी दोघांना विनंती आहे. डॉक्टरांना ही, की रिपोर्ट हातात देताना 'तुमच्या वयात बहुतेकांचा असाच येतो' एवढं एक वाक्य जास्त बोला. आणि घरच्यांना ही, की ज्या माणसाची पाठ दुखतेय त्याला दिवसातून वीसदा 'वाकू नकोस' म्हणू नका. त्यापेक्षा चपला घाला आणि म्हणा, चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ.