रायतूरचा छापखाना

मुद्रणाच्या इतिहासात ज्या गावाचे नाव वारंवार वाचले ते साष्टीतील रायतूर, म्हणजे आजचे राशोल, एकदा प्रत्यक्ष पाहावे ही माझी तरुणपणापासूनची इच्छा. म्हणून जुन्या गोव्यातील भव्य चर्चे घाईघाईने उरकली, मडगावच्या एका कोंदट खोलीत डासांच्या सहवासात रात्र काढली आणि सकाळीच जुवारीकाठचे ते ठाणे गाठले.

किल्ल्याची जांभ्याची वेस तेवढी शिल्लक आहे. तिच्या सांध्यांतून शेवाळ आणि नेचे फुटलेले. आत, जेझुइटांनी १६०६ साली पाया घातलेले विद्यालय मात्र नांदते आहे. १७५९ साली पोर्तुगीज सरकारने या संघाला हद्दपार केल्यावरही येथे पाद्री घडवण्याचे काम चालू राहिले. परवानगी घेऊन जाड भिंतींच्या ओवऱ्यांतून हिंडलो, जुनी भित्तिचित्रे पाहिली. परंतु मन धुंडीत होते छापखाना.

१५७९ साली गोव्यात उतरलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे कोकणीचे व्याकरणही, त्याच्या निधनानंतर, १६४० साली येथूनच निघाले. पुराणाच्या पुढे आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, पण तिन्हींपैकी एकीचीही प्रत आजवर हाती लागलेली नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांमुळे, आणि त्यांवरूनच सालदान्हा यांनी तो १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापला.

मडगावचे एक इतिहासज्ञ स्नेही म्हणाले, “ज्यांनी देवळे पाडविली, त्यांच्या वास्तूंचे एवढे कौतुक कशाला?” त्यांचा आक्षेप निराधार नाही: १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली ती याच ठाण्याच्या कप्तानाने, आणि पाद्री त्याच्या पाठीशी होते, पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. तथापि याच ठाण्यातून देशी भाषेचे व्याकरण आणि मराठी ओवी छापून बाहेर पडली, हीही त्याच दप्तरातील नोंद आहे. एक पान ठेवून दुसरे फाडण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मी त्यांना निक्षून सांगितले. त्यांना ते पटले नाही.

येथे १९९४ साली सुरू झालेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय २००२ साली जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात गेले. चांदीची पात्रे आणि हस्तिदंती मूर्ती तेथे जपल्या जातात याचे समाधान आहे. परंतु रायतूरचा खरा ठेवा शब्दांचा, आणि तो जपण्याची जबाबदारी मराठी वाचकांवरही येते. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून ‘ख्रिस्तपुराण’ देवनागरीत आणले. वाचकहो, राशोलला जाण्यापूर्वी आपल्या गावच्या ग्रंथालयात ते आहे का पाहा, आणि नसेल तर मागणी नोंदवा.