नातीची शाळा आणि माझी क्षमापना

गेल्या वर्षीचे पर्युषण मी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील मेटचन या गावी, मुलाच्या घरी केले. आयुष्य भुसार मालाच्या पेढीवर गेले. त्यामुळे जे फुकट मिळते त्याचा दर्जा बेताचाच असणार, असा माझा व्यापारी समज. नात सरकारी हायस्कुलात जाते हे कळल्यापासून तो मला बोचत होता. मी मुलाला म्हणालो, “खासगी शाळेची फी मी भरतो, पण पोरीला चांगल्या ठिकाणी घाल.” तो हसला आणि म्हणाला, “बाबा, या शाळेसाठीच तर इथे घर घेतले.”

मेटचन हे जेमतेम पावणेतीन चौरस मैलांचे गाव. २०२० च्या जनगणनेनुसार लोकवस्ती १५,०४९. चहूबाजूंनी एडिसन या मोठ्या शहराचा वेढा. न्यूयॉर्कला जाणारी रेल्वे गावातून जाते. नववी ते बारावीसाठी गावाचे हे एकच सरकारी हायस्कूल असून विद्यार्थी सातशेच्या आसपास. प्रसिद्ध जादूगार डेव्हिड कॉपरफील्ड याच शाळेत शिकला, हे नातीने मला मोठ्या अभिमानाने सांगितले.

मुलाने घरपट्टीचे बिल माझ्यापुढे ठेवले. हिशेब वाचायची सवय असल्याने मी ते ओळीओळीने पाहिले. शाळेसाठीची रक्कम त्यात स्वतंत्र दाखवलेली होती. ज्याच्या घरात मूल नाही, तोही ती भरतो. शाळेचा कारभार गावाने निवडून दिलेले मंडळ पाहते. त्याच्या सभा खुल्या असतात आणि नागरिकांना तेथे बोलता येते. शाळा फुकट नव्हती तर! साऱ्या गावाने मिळून तिची फी भरलेली होती. आपल्याकडे समाजाच्या वर्गणीतून पाठशाळा, वसतिगृहे उभी राहिली, त्याच जातीचा हा व्यवहार.

परंतु माझा खरा धडा पुढेच होता.

शाळा नुकतीच सुरू झाली होती. एके संध्याकाळी सूनबाईंनी एक कागद आणला. जीवशास्त्राच्या वर्गात प्राण्याचे विच्छेदन करायचे नसेल, तर पालकांनी दोन आठवड्यांत तसे कळवावे, असा त्याचा आशय. नातीने कधीच ठरवले होते : ती बेडकाला सुरी लावणार नव्हती. मला काळजी वाटली ती गुणांची. मी म्हणालो, “बेटा, बेडूक तर आधीच मेलेला असतो. एकदा हात लाव, मनात मिच्छामि दुक्कडम् म्हण आणि पुढे जा. सरांच्या नजरेत का यायचे?”

ती क्षणभर थांबली. मग शांतपणे म्हणाली, “दादाजी, करायच्या आधीच क्षमा मागून ठेवली, तर ती क्षमा कशी?”

मी निरुत्तर झालो. त्या रात्री मला धाकट्या बहिणीची आठवण आली. पन्नास वर्षांपूर्वी तिला डॉक्टर व्हायचे होते. महाविद्यालयात बेडकाचे विच्छेदन सक्तीचे होते. तिने ‘नाही’ म्हटले, तेव्हा तिच्या बाजूने कोणीही उभे राहिले नाही, मीही नाही. उलट, “इतके सोवळे असेल तर विज्ञान सोड,” असे मीच तिला सुनावले होते. तिने विज्ञान सोडले. पुढे आयुष्यात तिने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही.

न्यू जर्सीत २००६ पासून कायदाच आहे. बालवर्गापासून बारावीपर्यंतचा सरकारी शाळेतील विद्यार्थी प्राण्याचे विच्छेदन करण्यास नकार देऊ शकतो. शाळेने त्याला अभ्यासाचा दुसरा मार्ग द्यायचा आणि नकारामुळे त्याचे गुण कमी करायचे नाहीत. धार्मिक सणांच्या रजेचेही तसेच. राज्याच्या मान्य यादीत आपले पर्वदिन आहेत. नातीने संवत्सरीला रजा घेतली आणि त्या दिवशी आम्ही सारे फ्रँकलिन टाउनशिपच्या जैन केंद्रात प्रतिक्रमणास बसलो.

आपल्या धर्माचे नावही ठाऊक नसलेल्या माणसांच्या गावी एका मुलीचा ‘नाही’ हा शब्द कागदावर लिहून घेतला गेला. आणि अहिंसा परमो धर्मः हे लहानपणापासून ऐकणाऱ्या आमच्या घरात, दुसऱ्या एका मुलीचा तोच शब्द आम्ही ऐकला नव्हता. शाळेचा दर्जा मी इमारतीवरून आणि फीवरून ठरवत आलो होतो. विद्यार्थ्याच्या विवेकाला तिथे किती जागा आहे, हे मापही लावायला हवे होते.

संवत्सरीच्या रात्री मी बहिणीला फोन केला. भारतात तेव्हा सकाळ झाली होती. दरवर्षी आम्ही एकमेकांना खमतखामणा करतोच. परंतु या वेळी मी कारण सांगून क्षमा मागितली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “दादा, नातीला माझा आशीर्वाद सांग.”

तो आशीर्वाद मी पोहोचवला. त्याच दिवशी सूनबाईंनी कागदावर सही केली आणि नातीने तो दप्तरात घडी न मोडता ठेवला.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.