डोंगराच्या दोन बाजूंचा हिवाळा

टोकियोत जानेवारी म्हणजे कोरडी थंडी, निळंभोर आभाळ आणि दुपारी पाठीवर घ्यावंसं वाटणारं ऊन. तिथून बुलेट ट्रेनने दोन-सव्वादोन तासांवर, त्याच बेटावर, त्याच दुपारी, माणसं घराच्या छपरावर चढून फावड्याने बर्फ ढकलत असतात. एकाच देशाचे हे दोन हिवाळे मला गाडीच्या खिडकीतून पाहायचे होते, आणि एक संपून दुसरा सुरू होतो ती जागाही पाहायची होती.

कारण समजायला मराठी माणसाला वेळ लागत नाही. सायबेरियावरून निघालेला गार, कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प पितो. होन्शू बेटाच्या उत्तर भागात, म्हणजे तोहोकूत, ओउ पर्वतरांग दक्षिणोत्तर पसरली आहे. वारा तिला अडतो, वर चढतो आणि सगळा बर्फ पश्चिमेच्या अंगाला टाकून रिकाम्या हाताने पूर्वेला उतरतो. आपल्याकडे सह्याद्री पावसाचं हेच करतो. कोकण भिजवतो आणि देशावर पाऊस मोजून सोडतो. पाऊस हवा असेल तर घाट ओलांडावा लागतो, तसा इथे बर्फासाठी डोंगर ओलांडायचा.

एवढं ठरल्यावर पासचा प्रश्न आला. 1987 साली जपानच्या सरकारी रेल्वेची वाटणी झाली आणि प्रवासी वाहतूक सहा कंपन्यांकडे गेली. त्यामुळे पासही अनेक आहेत. पाहुण्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते देशभर चालणाऱ्या पासचं. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचा सात दिवसांचा दर 29,650 येनवरून एकदम 50,000 झाला. टोकियो-क्योतो जाऊन-येऊन साधारण 28,000 येन लागतात. म्हणजे तेवढंच फिरून परतणाऱ्याला तो पास आता परवडत नाही. रोज लांबलांबचे पल्ले मारणाऱ्यालाच त्यात अर्थ उरला आहे.

दुसरा पास जपानी लोकांच्या जिव्हाळ्याचा, ‘सेइशुन 18’. नावात अठरा असले तरी त्याला वयाची अट नाही. मात्र तो फक्त साध्या, धीम्या गाड्यांना चालतो. 2024 च्या हिवाळ्यापासून तो सलग तीन दिवसांना 10,000 आणि सलग पाच दिवसांना 12,050 येन असा मिळू लागला. इतक्या पैशांत इतका देश दुसरं कुणी दाखवणार नाही. पण त्या मोसमात त्याची मुदत 10 जानेवारीला संपत होती, आणि मला जायचं होतं ते महिनाअखेरीला, बर्फ ऐन भरात असताना.

उरला तोहोकू विभागाचा पास, सलग पाच दिवसांचा, 2025 च्या जानेवारीत 30,000 येन. टोकियोहून बेटाच्या उत्तर टोकाजवळच्या शिन-आओमोरीला एकेरी जायलाच तेव्हा साडेसतरा हजारांच्या आसपास पडत होते. नुसतं जाऊन आलं तरी पास वसूल होत होता आणि मधलं सगळं फिरणं वर मिळत होतं. मी निशिकासाईला मित्राकडे उतरलो होतो. टोकियोतल्या बऱ्याच भारतीयांचा संसार या भागात आहे. नकाशावर रेघा ओढून मी पर्वतरांग पुन्हापुन्हा ओलांडणारा मार्ग आखला. तो पाहून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, एक दिवस रिकामा ठेवा. तिकडे बर्फ ठरवतो, आपण नाही.” त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. डब्याइतकाच त्यांचा सल्लाही उपयोगी पडला.

फुकुशिमापर्यंत गाडी उंच पुलांवरून वाऱ्यासारखी धावते. तिथे तिचे दोन भाग होतात. एक सरळ उत्तरेला जातो, दुसरा डावीकडे वळून योनेझावाचा घाट चढू लागतो. हजार मीटरला 33 मीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही खडा चढ आहे. पूर्वी इथे गाड्या पुढे-मागे होत, दिशा बदलत वर जायच्या. एकेकाळी आपल्या बोरघाटातही गाडीला असंच उलटं फिरावं लागे. इथली ती पद्धत 1990 पर्यंत टिकली आणि 1992 साली याच वाटेवर बुलेट ट्रेन आली. माथ्यावर ‘तोगे’ नावाचं स्टेशन आहे. बर्फाखाली गाडलं जाऊ नये म्हणून ते सबंध स्टेशन एका प्रचंड छपराखाली आहे. आमची गाडी त्या अंधाऱ्या छपरातून न थांबता गेली. पलीकडे बाहेर आली तेव्हा शेतं, कुंपणं, गाड्यांची टपं यांच्या कडा नाहीशा झाल्या होत्या. डब्यातल्या लोकांनी मानही वर केली नाही. मी मात्र खिडकीला नाक लावून बसलो.

यामागातापासून सेंदाईपर्यंत साधी गाडी आहे, आणि ती हाच चमत्कार उलट्या क्रमाने दाखवते. यामादेरा स्टेशनातून डोंगरकड्याला बिलगलेली देवळं दिसतात. पुढे बोगदे येतात, बर्फ विरत जातो आणि सेंदाईत उतरलो तर पदपथ कोरडे. या धीम्या गाड्यांची दारं थंडीत आपोआप उघडत नाहीत. ज्याला उतरायचं त्याने बटण दाबायचं, आणि आत येणाऱ्याने लगेच दुसरं बटण दाबून दार लावून घ्यायचं. आतली ऊब सगळ्यांची आहे, हे तिथलं शाळकरी पोरही जाणतं. बाकाखाली तापक असतो. पायांकडून ऊब चढत जाते आणि डबाभर शाळेच्या गणवेशातली मुलं पुस्तक हातात धरून पेंगत असतात.

मोरिओकाहून अकिताला जाणाऱ्या लाल ‘कोमाची’ने मला सगळ्यांत जास्त थक्क केलं. मोरिओकापर्यंत ती दुसऱ्या गाडीला जोडलेली असते आणि ताशी 320 किलोमीटरचा वेग गाठते. तिथे ती सुटी होते आणि चक्क एकेरी मार्गावर शिरते. रुंदी वाढवून घेतलेले हे जुनेच रूळ आहेत. वाटेत फाटकं आहेत, फाटकापाशी थांबलेली दुधाची गाडी आहे. डोंगरात एका जागी आमची बुलेट ट्रेन क्रॉसिंगला उभी राहिली. बाहेर बर्फाचा पडदा. जरा वेळाने समोरून दुसरी लाल गाडी धुरळा उडवत गेली आणि मग आम्ही हललो. जगातली इतकी वेगवान गाडी समोरच्या गाडीसाठी निमूट थांबते, हे पाहून मला तिच्याविषयी वेगापेक्षा मोठा आदर वाटला. ओमागारीला गाडीची दिशा बदलते. तिथून अकितापर्यंत सगळे जण उलट तोंडाने प्रवास करतात आणि कुणीही आसन फिरवत नाही. या गाडीत बिनआरक्षणाचे डबे नाहीत. पासधारकाने जागा आधी राखून ठेवायची, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

अकिताहून पुढे समुद्राला लागून जाणारा गोनो मार्ग मी बेताचा कळस म्हणून राखला होता. सकाळी स्टेशनात पाटी लागली, वाऱ्यामुळे गाडी रद्द. या किनाऱ्यावर वाऱ्याचं भय खरं आहे. 25 डिसेंबर 2005 रोजी याच समुद्राकाठच्या उएत्सु मार्गावर सोसाट्याच्या झोताने एक गाडी रुळांवरून उडवली आणि पाच माणसं गेली. तेव्हापासून वाऱ्याच्या बाबतीत रेल्वे फार कडक झाली आहे. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. खिडकीवरच्या बाईंनी वाकून माफी मागितली आणि आतल्या बाजूने आओमोरीला जाणाऱ्या गाडीत जागा करून दिली. तिकिटं सुटी काढली असती तर परतावा, नवं भाडं, हिशेब असा खटाटोप झाला असता. पास होता, म्हणून फलाट तेवढा बदलला. हिवाळ्यात पासची खरी किंमत इथे कळते. तो घेताना आपण किलोमीटर मोजतो, पण प्रत्यक्षात तो देतो बेत बदलायची मोकळीक.

त्या मोकळिकीनेच मला गोशोगावाराला नेलं. तिथून त्सुगारू रेल्वेची छोटी गाडी निघते आणि 1 डिसेंबर ते 31 मार्च या काळात तिच्या जुन्या डब्यांत कोळशाच्या शेगड्या पेटवतात. ही रेल्वे वेगळ्या कंपनीची, इथे माझा पास चालत नव्हता. तिकीट काढलं, शेगडीचे जादा पैसे दिले आणि लाकडी बाकावर बसलो. गाडीतल्या ताईंनी सुकवलेला माकूल शेगडीच्या जाळीवर ठेवला, हातमोजे घालून उलटापालटा केला आणि फाडून पट्ट्या वाटल्या. समोरच्या आजींनी आपल्यातल्या दोन पट्ट्या माझ्या हातावर ठेवल्या. मी दशमीला चटणी लावून त्यांना दिली. तिखटाने त्यांचे डोळे भरून आले, आणि तरी त्यांनी दुसरा तुकडा मागून घेतला. बाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. या आओमोरी प्रांतातच, सुकायू नावाच्या गरम झऱ्यांच्या गावी, फेब्रुवारी 2013 मध्ये साचलेल्या बर्फाची उंची 566 सेंटिमीटर मोजली गेली. एवढ्या बर्फात हे लोक रूळ मोकळे ठेवतात, कारण पलीकडच्या गावात शाळा आहे, दवाखाना आहे, आणि पोरांना व म्हाताऱ्यांना रोज तिथे पोचायचं असतं. परक्या देशातला बर्फ बघायला गेलेल्या मला या नेमाचं, या निष्ठेचं अप्रूप बर्फाहून अधिक वाटलं.

म्हणून जो कुणी अशा प्रवासाचा बेत करत असेल त्याला मी सांगेन, आधी नकाशावर डोंगर शोधा, वारा कुठून येतो ते पाहा, आणि मग पासचे दर वाचा. अंधार पाचलाच पडतो, तेव्हा पाहण्याचे पल्ले सकाळी ठेवा. पासच्या दिवसांतला एक दिवस मोकळा सोडा, आणि पासमध्ये न बसणाऱ्या एखाद्या छोट्या गाडीसाठी थोडे पैसे बाजूला काढून ठेवा.