दोन कासवांचे बिऱ्हाड

कासवे भांडतात, असे आम्हांस चार वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते, तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते. कासव म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे वाईच्या देवळातले कासव उभे राही. गाभाऱ्यासमोर, सभामंडपाच्या फरशीत बसविलेले ते दगडी कासव पिढ्यान्पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झाले होते. आमची आजी त्याला स्पर्श करून मगच पुढे जाई आणि आम्हांसही तसेच करावयास लावी. पुढे शाळेत कळले, की गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला उपमा दिली आहे ती कासवाचीच. अवयव आत ओढून घेणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असा हा जीव. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढल्यावर तर त्याच्याविषयी आम्हांस एक प्रकारचा बंधुभाव वाटू लागला होता.

कलकत्त्यास बदली झाली तेव्हा मुलांचे मित्र मागे राहिले, आणि घरात एखादा प्राणी हवा असा हट्ट सुरू झाला. कुत्रा नको, कारण क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर; मांजर नको, कारण सौभाग्यवतींना केसांचे वावडे. शेवटी एका रविवारी आम्ही सहकुटुंब गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारात गेलो. रोपे, मासे, पक्षी यांचा हा बाजार ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी कलकत्त्यात असेपर्यंत एकदा तरी अवश्य पाहावा. तेथे एका टोपलीत हिरवीगार, बिस्किटाएवढी कासवे होती. डोळ्यांच्या मागे तांबडी रेघ, जणू कोणी कुंकवाचे बोट ओढले आहे. विक्रेता म्हणाला, "बाबूजी, एक नेऊ नका, जोडी न्या. एकटे कासव उदास होते." आणि पुढे असेही म्हणाला, की ही एवढीच राहतात. ही दोन्ही विधाने निखालस खोटी होती, हे समजण्यास आम्हांस तीन वर्षे आणि एक शेपटी खर्ची घालावी लागली.

एक किंचित मोठे होते, दुसरे लहान. मुलांनी नावे ठेवली थोरला आणि धाकटा. तीन फूट लांब, फूटभर रुंद आणि सव्वा फूट उंच काचेची टाकी आली. तिच्यात एक दगड पाण्याबाहेर डोके काढून ठेवला, वर एक दिवा टांगला आणि बिऱ्हाड थाटले.

पहिले वर्ष सुखात गेले. दुसऱ्या वर्षी आम्ही जे पाहत होतो त्याचा अर्थ लावण्यात चूक करीत होतो, एवढेच. थोरला धाकट्याच्या पाठीवर चढून उन्हाला बसे. आम्ही म्हणत असू, पाहा, काय हे प्रेम! पाहुण्यांना ते दृश्य दाखवीत असू. कधी थोरला धाकट्याच्या तोंडासमोर जाऊन पुढच्या पायांची लांब नखे थरथरवी. कन्या म्हणे, "तो त्याला टाटा करतोय." आम्हीही हसून मान डोलावीत असू. धाकटा मात्र त्या वेळी डोके आत घेई, आणि आम्हांस त्यात स्थितप्रज्ञ दिसे.

माघ महिन्यातल्या एका सकाळी टाकीच्या पाण्यात तांबूस छटा दिसली. धाकट्याच्या शेपटीचे टोक नव्हते. मागच्या उजव्या पायावरही दातांच्या नव्हे, चोचीच्या खुणा होत्या, कारण कासवाला दात नसतात. धारदार कडेची चोच असते, आणि ती काय करू शकते हे आम्ही त्या दिवशी पाहिले. कन्या रडू लागली. चिरंजीव थोरल्याला शिक्षा करण्याच्या गोष्टी बोलू लागले. थोरला दगडावर मान ताणून, मागचे पाय पसरून, दिव्याच्या उबेत निवांत पडला होता.

कासवांची माहिती असणारा पशुवैद्य शोधण्यात एक दिवस गेला. भेटले ते गृहस्थ तरुण होते आणि फारसे गोड बोलणारे नव्हते. त्यांनी जखम धुतली, पातळ केलेले आयोडिनचे औषध लावले आणि सांगितले, की याला काही दिवस कोरड्या, स्वच्छ डब्यात ठेवा. रोज तास-दोन तास मात्र वेगळ्या पाण्यात सोडा आणि त्यातच खायला द्या, कारण ही जात पाण्याबाहेर घास गिळू शकत नाही. हाताळल्यावर दर वेळी साबणाने हात धुवा, कारण यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. अमेरिकेत त्याच कारणासाठी चार इंचांहून लहान कासवे विकण्यास १९७५ पासून बंदी आहे. मग त्यांनी दोन्ही कासवे उलटी करून पाहिली. लांब नखे, जाड शेपटी. दोघेही नर.

"टाकी केवढी आहे?" त्यांनी विचारले. आम्ही अभिमानाने मापे सांगितली. त्यांनी तेथल्या तेथे कागदावर हिशेब मांडला. पाळणाऱ्यांचा साधारण ठोकताळा असा, की कवचाच्या दर इंचाला चाळीस लिटर पाणी. थोरला पाच इंच, धाकटा चार. म्हणजे तीनशेसाठ लिटर. आमच्या टाकीत काठोकाठ भरले तरी शंभराच्या आसपास. आम्ही आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले. आमच्या बैठकीच्या खोलीतला हा हिशेब मात्र कधी पाहिला नव्हता.

पुढे ते म्हणाले, की जागा वाढवूनही खात्री नाही. हे प्राणी मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. तेथे एकाच ओंडक्यावर ती डझनाने उन्हाला बसलेली दिसतात हे खरे, पण ती सोबतीसाठी नव्हे, उन्हासाठी. तेथे दुबळ्याला पाण्यात उडी टाकून अर्धा मैल लांब जाता येते. काचेच्या टाकीत चारही बाजूंना भिंत. एकमेकांवर चढणे ही पुष्कळदा जागेची चढाओढ असते. नखे थरथरविणे हा नराचा मादीपुढचा प्रियाराधनाचा प्रकार खरा, पण नर दुसऱ्या नरापुढेही दरारा बसविण्यासाठी तो करतो. आणि दोनच कासवे ठेवणे सर्वांत वाईट, कारण बळकटाचा सगळा राग एकट्याच दुबळ्यावर निघतो.

"वेगळे करा," ते म्हणाले. "वीस-तीस वर्षे जगणारे प्राणी आहेत. आज ना उद्या करावेच लागेल."

आम्ही ते लगेच केले असे वाचकांनी समजू नये. जखम भरल्यावर आम्ही तडजोडीच्या मार्गाने गेलो, जसे कचेरीत जातो. प्रथम खाद्य वाढविले. थोरला आपले खाऊन धाकट्याच्या तोंडचेही ओढू लागला. मग दुसरा दगड आणला. थोरला सकाळी एका दगडावर आणि दुपारी दुसऱ्यावर बसू लागला. मग कोणी सुचविल्यावरून दोघांना आठवडाभर वेगळे ठेवून, टाकीतली मांडणी बदलून, पुन्हा एकत्र सोडले, म्हणजे जुना मालकी हक्क कोणाला आठवू नये. तो तोडगा चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी धाकटा टाकीच्या कोपऱ्यात पाण्याखाली बसून राहिला. तो वर येऊन अंग सुकवीनासा झाला होता, आणि अंग सुकविले नाही तर या प्राण्याचे कवच बिघडते. खाणेही त्याने सोडले होते. त्याला कोणी चावत नव्हते. थोरला नुसता दगडावर बसलेला असे, आणि तेवढे पुरे होते.

सौभाग्यवतींना वेगळे करण्याची कल्पना शेवटपर्यंत पटत नव्हती. "एकत्र वाढलेले जीव. एकटा पडला तर झुरेल तो," असे त्या म्हणत. आम्ही त्यांना दोष देत नाही. याच अर्थाचे वाक्य आम्ही स्वतः गेली सहा वर्षे वाईला लिहीत आलो आहोत.

आमचे दोघे धाकटे भाऊ वडिलोपार्जित वाड्यात राहतात. एक चौक, एक न्हाणी, एक विहीर, दोन संसार. मधे भिंत घालावी आणि मागच्या अंगाला दुसरा जिना काढावा, असे दोघांचेही म्हणणे होते. तिसऱ्या हिस्सेदाराची, म्हणजे आमची, संमती तेवढी अडली होती. आम्ही भोपाळहून, मग दिल्लीहून, मग कलकत्त्याहून सुंदर अक्षरात पत्रे धाडली. वडिलांची आठवण दिली, मिळून राहण्याचा उपदेश केला. दर दोन वर्षांनी दहा दिवस जाणाऱ्याला वाडा अखंड हवा असतो. त्याच्या मनातला चौक रांगोळीचा असतो. बाकीचे सगळे दिवस नळावर कोण आधी हे ज्यांना ठरवावयाचे असते, त्यांचा चौक निराळा. परगावी नोकरी करणाऱ्या आमच्या बहुतेक मित्रांच्या टेबलाच्या खणात असे एखादे अनुत्तरित पत्र असते, असा आमचा अनुभव आहे. गेल्या दिवाळीत मधल्याने फोनवर म्हटले होते, "दादा, आम्ही भांडत नाही रे. आम्ही आता बोलतच नाही." आम्ही ते सुधारणेचे लक्षण समजलो होतो.

त्या कोपऱ्यातल्या धाकट्याकडे पाहताना ते वाक्य आम्हांस आठवले, हे कबूल केले पाहिजे.

या सुमारास एका स्नेह्यांनी सोपा उपाय सुचविला. एक कासव रात्री तळ्यात सोडून द्यावे. कलकत्त्यात तळ्यांना तोटा नाही, पुण्यही लागते. पुण्य तर लागत नाहीच, उलट पाप लागते. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परकीय जीवजातींच्या यादीत या तांबड्या कानाच्या कासवाचे नाव आहे. ते सर्व काही खाते, कोठेही तगते, आणि उन्हाच्या जागेवरून व खाद्यावरून आपल्याकडच्या कासवांना हुसकावते. म्हणजे आमच्या टाकीत थोरल्याने जे केले, तेच ते तळ्यात करणार. फरक इतकाच, की तेथे मार खाणारे देशी कासव असेल. युरोपीय संघाने त्यांची आयात १९९७ मध्येच थांबविली. आपल्याकडे देशी कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे छत्र आहे, ती घरी पाळताच येत नाहीत. आक्रमक परकीय जातींवर निर्बंध घालण्याची तरतूद त्या अधिनियमात २०२२ च्या दुरुस्तीने आली. हे सर्व आम्ही स्नेह्यांना ऐकविले. ते म्हणाले, "अहो, रात्री कोण पाहते?" सरकारी नोकरीत हा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकला आहे.

फाल्गुनात दुसरी टाकी आली, पहिलीपेक्षा मोठी. गाळणी वेगळी, दिवा वेगळा, दगड वेगळा. सौभाग्यवतींच्या आग्रहास्तव दोन्ही टाक्या शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे एकमेकांना दिसतील तरी. दिसले ते असे: थोरला दोन दिवस मधल्या काचेवर धडका देत होता, आणि धाकटा त्याच्याकडे पाठ करून पलीकडच्या कडेला चिकटला होता. तिसऱ्या दिवशी आम्ही कचेरीतून आणलेला एक जुना, तपकिरी फायलीचा पुठ्ठा दोन्ही काचांच्या मधे सरकविला.

संध्याकाळपर्यंत धडका थांबल्या. धाकटा मात्र आठ दिवस कोपऱ्यातच होता. नवव्या दिवशी सकाळी, चहा घेताना, कन्येने हळूच हाक मारली. तो दगडावर चढला होता. मान लांब, पाय पसरलेले, आखूड शेपटी दिव्याच्या उजेडात. आम्ही सगळे तेथे बराच वेळ उभे होतो. कोणी बोलले नाही, कारण आवाजाने तो पाण्यात उडी टाकील अशी भीती होती.

संमतिपत्रावर आम्ही त्याच आठवड्यात सही केली आणि ते रजिस्टर टपालाने वाईला पाठविले. सोबत उपदेशाचे पत्र जोडले नाही. भिंत वैशाखात उभी राहिली. ज्येष्ठात मधल्याचा फोन आला, की धाकट्याच्या घरून आंब्याच्या लोणच्याची बरणी आली आहे, जिना चढून, पुढच्या दाराने.

थोरला आता सहा इंचांचा झाला आहे. पुठ्ठा पाण्याच्या शिंतोड्यांनी मधूनमधून भिजतो; तो बदलावा लागतो. कचेरीत जुन्या फायलींना तूर्त तरी कमतरता नाही.