पुकारा

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागांत 'काँट्रा' नांवाचें लोकनृत्य आहे. समोरासमोर दोन लांब रांगा, मंचावर व्हायोलिन वाजविणारे, आणि त्यांच्याजवळ पुढील चाल पुकारणारा. शिक्षणानिमित्त मी तिकडे असतांना हें पुकारण्याचें काम शिकलों.

धून ६४ ठोक्यांची असते. ती संपली कीं समोरची जोडी बदलते. चाल सुरू होतांना पुकारा केला तर तो उशिराचाच. मागील चालीचे शेवटचे ठोके चालू असतांनाच शब्द कानीं पडला पाहिजे. (लेझिमींत आमच्या ड्रिल मास्तरांची शिटीहि अशीच आधीं वाजे.)

सर्वांत बिकट चाल 'हे'. चौघे जण वेणीच्या पेडांप्रमाणें एकमेकांस ओलांडतात. मध्यभागीं उजवा खांदा, कडेला डावा, आणि १६ ठोक्यांत पुन्हां मूळ जागीं. एक जण चुकला कीं सारी वेणी सुटते, म्हणून नवखे लोक येथेंच रांग सोडतात.

एका संध्याकाळीं वाद्यांवांचून तालीम चालली असतां एक वृद्ध बाई "मी बसतें" म्हणून बाजूस झाल्या. आणखी शब्द सांगण्यांत अर्थ नव्हता. मीं चार जाणत्यांस ती चाल त्यांच्यासमोर एकदां चालावयास लावलें, आणि मग त्यांस एका जाणत्या जोडीसमोर उभें केलें. वाद्यें सुरू झालीं. पहिल्या तीन आवर्तनांत "उजवा, डावा" असें मोठ्यानें म्हटलें; पुढें नुसतें "हे"; नंतर तेंहि नाहीं. पुकारणाऱ्यानें गप्प होणें हें मला पुकारण्याहून कठीण वाटतें. मी पाहत राहिलों, तों त्या बाई रांगेच्या टोकाला पोहोंचल्या होत्या, आणि गोंधळलेल्या एका तरुणास स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून दाखवीत होत्या: उजवा.